प्रार्थनेवरची नजर

'डोळे मिटा,' असं मुख्याध्यापक चोपडे सर माइकवर म्हणाले, मैदानावरच्या सगळ्या पोरांनी डोळे मिटले, आणि माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप वर आलं. पुढ्यात कुणाचा तरी खांदा आहे आणि त्यावर ते टेकवायचं आहे, अशा बेतानं आलं. पुढ्यात कुणीच नव्हतं. मी शिक्षकांच्या रांगेत, पायरीवर, कडक इस्त्रीच्या साडीत उभी होते. कोल्हापूरच्या ज्या मिशन शाळेत पाचवी ते दहावी शिकले तिथंच भूगोल शिकवायला आले होते आणि तो माझा पहिला दिवस होता. बोट मी पदराआड ओढून घेतलं. शेजारच्या पीटीच्या सरांनी पाहिलं असतं तर नव्या बाईंच्या हातावरनं वारं गेलंय म्हणून स्टाफरूमभर केलं असतं. पण त्यांचेही डोळे मिटलेले होते. सगळ्यांचेच होते, माझे तेवढे उघडे. या मैदानावर ते कधी मिटलेच नव्हते, आता या वयात त्यांना कोण शिकवणार? पुण्यातल्या क्लासच्या नोकऱ्या, भाड्याच्या खोल्या, एक मोडलेलं लग्न, एवढं सगळं होऊनही शरीर इतकं इमानी राहतं याचा मला आधी अभिमान वाटला आणि मग भीती वाटली, कारण तेवढ्यात दिसलं की आणखी कुणीतरी बघतंय. आठवीच्या रांगेत, लाल रिबिनीच्या दोन वेण्या घातलेली एक मुलगी सरळ माझ्याकडे बघत होती. चोरून नाही, बसची पाटी वाचावी तशी. डोळे उघडे सापडले की पोरं लगेच मिटतात, निदान खाली तरी बघतात. हिनं काहीच केलं नाही. शेवटी मीच खाली पाहिलं. 'आमेन' झालं, रांगा हलल्या, आणि त्या लाल रिबिनी कुठल्या वर्गात शिरतात ते मी पाहून ठेवलं.

माझे डोळे उघडे कसे राहिले ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की ती मी स्वतः पाहिली की नुसती ऐकली, हे आता मला सांगता येणार नाही. वडील, बाबासो शिंगे, गडहिंग्लज डेपोला कंडक्टर होते. आजोबांनी छप्पन सालच्या धर्मांतराच्या हवेत घरातले देव हिरण्यकेशी नदीत सोडले आणि सगळं गाव अंगावर घेतलं. माझं दीक्षा हे नाव त्याच हवेतलं. मला पाचवीला या शाळेत घालायला वडील खाकी कपड्यांतच आले, आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, 'बाई, पोरगी हुशार हाय. शिकवा, मारा, काय पण करा. पण डोळं मिटून ती कुणापुढं उभारणार न्हाय. तेवढ्यासाठी आमच्या म्हाताऱ्यानं सगळं सोडलंय.' समोर सलोमी समुद्रेबाई होत्या. तेव्हा त्या सुपरवायझर, शाळेची प्रार्थना त्यांच्याकडे. आता त्या म्हणणार, मग दुसरी शाळा बघा, अशी वडिलांची तयारी होती, किंबहुना तेवढ्यासाठीच ते छाती काढून आले होते. बाईंनी चष्मा पुसला. 'नको मिटू दे,' त्या म्हणाल्या. 'एवढ्या पोरांत एक तरी डोळे उघडे ठेवणारं मला लागतंच. तिनं रांगांवर नजर ठेवावी.' डेपो मॅनेजरसमोरही जे कधी उठून उभे राहिले नाहीत, त्या माझ्या वडिलांनी उठून हात जोडले. पुढं किती वर्षं, तिकिटं फाडता फाडता ते ओळखीच्या पावण्यांना सांगायचे, 'सगळी शाळा डोळं झाकून हुभी असती, आणि माझी पोरगी तेवढी बघत असती.' मी शाळेच्या बोर्डिंगात राहायची. आई गावी. ताप आला की कपाळावर हात असायचा तो समुद्रेबाईंचा, रविवारी डोक्याला तेल तेही त्यांचंच. मी आज जी काही आहे ती त्या एका वाक्यावर उभी आहे, असं मी आत्ता-आत्तापर्यंत मानत होते, आणि लोकांना सांगतही होते.

डोळे मिटलेली शाळा कुणी पाहिली आहे का? मी पाहिली आहे, रोज. दांडगी पोरं एकदम लहान दिसतात. गणिताचे सर, ज्यांना सगळी शाळा टरकायची, त्यांचा खालचा ओठ लोंबायचा. कुणी ओठ हलवून भलतंच पुटपुटायचं, कुणी खरोखर रडायचं, कुणी उभ्या उभ्या पेंगायचं. मी रांगांमधून फिरायची, आणि कुणाचे डोळे किलकिले दिसले की मागून जाऊन खांद्यावर बोट टेकायची. बस्स, एवढंच. मारायचं नाही, पुढं जाऊन नाव सांगायचं नाही. बोट टेकलं की खांदा आधी दचकायचा, मग सैल पडायचा. तो सैल पडणारा खांदा मला फार आवडायचा, कशाला लपवू? ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर माझी आजी पाण्यासाठी ताटकळत बसली, तसल्या घरांतली पोरं त्या रांगांत होती, आणि माझ्या एका बोटाखाली ती गुमान डोळे मिटायची. वडिलांना याहून जास्त काय हवं होतं? मला तरी काय हवं होतं? गंमत म्हणजे ते ज्या देवासाठी डोळे मिटायचे त्याच्याशी मला काहीच देणंघेणं नव्हतं. मला तो शांतपणा हवा असायचा, ज्यात मी एकटीच जागी आहे.

त्या रिबिनवाल्या मुलीला मी पहिल्या तासानंतर व्हरांड्यात गाठलं. नाव संयोगिता. 'प्रार्थनेला डोळे का मिटत नाहीस गं?' आवाज मी मऊच ठेवला होता. 'मी बघत होतो, म्याडम,' ती म्हणाली. कोल्हापूरच्या मुली अशाच बोलतात, मीही बोलायची. पुण्यात लोकांनी हसून हसून ते माझ्याकडून काढून घेतलं. 'काय बघत होतीस?' 'तुम्ही मिटताय का न्हाय ते. पप्पा म्हणाले, नव्या बाई मिटत न्हाईत, बघून यं.' 'कोण तुझे पप्पा?' 'विश्वजित मगदूम,' असं सांगून ती वर्गात गेली, आणि मी खडूचा डबा हातात घेऊन तिथंच उभी राहिले. विश्वजित माझ्याच वर्गात होता. कुरुंदवाडचा, इथं मामाकडे राहून शिकणारा. माझं बोट ज्या खांद्यावर सगळ्यांत जास्त वेळा टेकलं तो खांदा त्याचा. रोज डोळे उघडायचा. आमचा तो खेळच आहे, असं मी समजत होते.

संध्याकाळी तो स्वतःच फाटकाशी पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. अंगानं भरलाय, बांधकामाची कंत्राटं घेतो, पालक संघाचा अध्यक्ष आहे. 'काय शिंगे, वळख हाय का इसरलीस?' असं लांबूनच ओरडला, आणि जवळ गेल्यावर उजवा खांदा थोपटत म्हणाला, 'हितं तुझं बोट अजून हाय बघ. बायकोला पण सांगितलंय, हितं हात ठेवायचा न्हाय.' तो मोठ्यानं हसला. मीही हसले. कोल्हापुरात मोठ्यानं हसणाऱ्यासमोर गप्प राहणं म्हणजे भांडण उकरून काढणं. मग हसता हसताच त्यानं सांगितलं की पालक संघानं शिक्षण खात्याकडे तक्रार केली आहे. 'पोरांस्नी जबरदस्तीनं प्रार्थना करायला लावत्यात. समुद्रेबाईचं नाव घातलंय सरळ. रिटायर झाली तरी क्वार्टरात बसून तीच सगळं चालवती की.' मी म्हणाले, 'अरे, बाईंनी कुणावर कधी जबरदस्ती केली?' त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू तोंडावरच राहिलं. 'तुझ्यावर काय न्हाय गं. तू भिऊ नको. तू त्यांच्यातली न्हाईस, तू आपली.' भिऊ नको म्हणेपर्यंत मी भ्यायले नव्हते. आणि 'आपली' हा शब्द माझ्या अंगावर असा कुणी कधी टाकला नव्हता, निदान त्याच्या घरच्यांनी तरी. त्याच्या मागे मोटरसायकलवर दोन तरुण बसले होते. त्यांच्यापैकी एकानं फोन शाळेच्या दिशेनं उभा धरला होता आणि तो माझ्याशी बोलत नसूनही माझ्याकडे बघून मान हलवत होता.

मग रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर फोन दिसू लागले. माणसं दिसायची नाहीत, नुसते हात आणि फोन. चोपडे सर 'डोळे मिटा' म्हणायचे ते आता जरा हळू म्हणायचे. पोरं एक डोळा भिंतीकडे ठेवून दुसरा मिटायची. मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं, मग कुणीतरी मुद्दाम परीक्षेच्या सुपरव्हिजनचा विषय काढायचं. इथले निम्मे शिक्षक ख्रिस्ती, निम्मे नाहीत, आणि आजवर हे कुणी मोजलं नव्हतं. आता डब्यातली भाजी देतानाही लोक आधी चेहऱ्याकडे बघायला लागले. भिंतीवरचे ते हात काय करतील हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सगळे आपापल्या परीनं त्याची तयारी करत होते. मला झोप लागायची नाही असं नाही, लागायची. पण झोपेत मी मैदानावर असायची, आणि सगळ्यांचे डोळे उघडे असायचे.

चोपडे सरांनी मला बोलावून घेतलं ते शिक्षण खात्याच्या चौकशीच्या आदल्या दिवशी. 'बाई, तुमच्यासारखी साक्ष शोधून मिळायची नाही,' ते म्हणाले. 'तुम्ही इथल्याच विद्यार्थिनी. ख्रिश्चन नाही. सगळी वर्षं डोळे न मिटता काढलेल्या. सक्ती असती तर तुम्हाला नसती का झाली?' मलाही अगदी हेच वाटत होतं. समुद्रेबाईंचं नाव तक्रारीत आहे, सक्ती शाबित झाली तर संस्था त्यांना क्वार्टर सोडायला लावणार, आणि मिरजेचा भाऊ गेल्यापासून त्यांना जायला दुसरं घर नाही. मी चार शब्द नीट बोलले तर हे टळतं. कुणाच्या उपकारातून उतराई व्हायची संधी अशी आयती चालून येते का? मी बाईंकडे गेले तर त्यांनी चहा केला, पुण्याची चौकशी केली, आणि निघताना म्हणाल्या, 'तू यात पडू नकोस. तुझी नोकरी नवी आहे.' मला भरून आलं. बघा, या वयातही काळजी माझी. रात्री वडिलांना फोन केला. त्यांना आता ऐकू कमी येतं, म्हणून ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. 'अक्का, हाय ते सांग की सरळ! त्या बाईनं तुला मान दिलाय. भर शाळंत दिलाय. खऱ्याला काय भ्याचं?' फोन ठेवला तेव्हा माझी छातीही त्यांच्याइतकीच पुढं आली होती.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाई साध्या होत्या, फिकट निळी साडी, पाण्याची बाटली घरूनच आणलेली. मला कुणी खेकसणारं भेटलं असतं तर बरं झालं असतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत एका बाजूला चोपडे सर, दुसऱ्या बाजूला विश्वजित, मध्ये मी. 'तुम्हाला कधी डोळे मिटायला लावलं?' बाईंनी विचारलं. 'कधीच नाही.' चोपडे सरांनी खुर्चीला पाठ टेकली. 'दुसऱ्या कुणी मिटले नाहीत म्हणून शिक्षा?' 'कधीच नाही. हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण ते काम माझ्याकडेच होतं.' हे वाक्य म्हणताना माझा आवाज चढला. तो माझा नव्हता, तिकिटं फाडता फाडता बोलणाऱ्या माणसाचा होता. 'कोणतं काम?' त्यांनी नुसती मान वर केली. आणि मी सांगत गेले. वडील कसे आले, बाई काय म्हणाल्या, मी कशी रांगांतून फिरायची, कसं नुसतं बोट टेकायची. बोलताना मला पुन्हा ते मैदान दिसत होतं, सकाळचं तिरपं ऊन, तेल लावलेली डोकी, आणि मी इतकी सुखात होते की खोलीत काय होतंय याकडे माझं लक्षच नव्हतं. चोपडे सरांची पाठ खुर्चीपासून सुटली ती मी पाहिली, पण तिचा अर्थ मला लागला नाही. अधिकारी बाईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग त्या म्हणाल्या, 'म्हणजे डोळे उघडणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवायला एक विद्यार्थिनी नेमलेली होती.'

'तसं नाही,' मी म्हणाले. 'नेमलेली नव्हती?' 'होती.' 'बोट टेकलं की मुलं डोळे मिटायची?' 'हो.' 'आणि एखाद्यानं नाही मिटले तर?' आजवर मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता, आणि तरी उत्तर तयार होतं. ते डोक्यात नव्हतं, बोटातच होतं. 'तर मी बोट काढत नव्हते,' मी म्हणाले. खोलीत पंखा फिरत होता. मला विश्वजितचा शर्ट आठवला, धुऊन धुऊन विरलेला, मामेभावाचा जुना, आणि त्याच्या खालचं हाड. किती वेळ धरून राहायची मी? आणि तो मिटत का नव्हता? मी त्याच्याकडे बघितलं. तो आता हसेल, टाळी देईल, सापडलीस का म्हणेल, असं मला वाटलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि त्याच्या मानेवरची शीर उडत होती. 'बाई, तो सन्मान होता,' मी अधिकारी बाईंना म्हणाले. 'कुणाचा?' त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच लिहायचं होतं. मग त्यांनी शेवटचं विचारलं, हे काम कुणी दिलं होतं. आता नाव न घेऊन काय उपयोग होता? मी नाव घेतलं. 'मी येवढंच म्हणत होतो, म्याडम,' विश्वजित खिडकीकडेच बघत, अगदी हळू म्हणाला. त्या माणसाला इतकं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

मी वर्गावर गेले, नद्यांची खोरी शिकवली, घंटा झाली. क्वार्टरकडे जाईपर्यंत ऊन कलंडलं होतं. समुद्रेबाई ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना कळलं होतं. चोपडे सर माझ्या आधीच येऊन गेले होते, आणि उद्यापासून मैदानावर येऊ नका, घराचं बघू नंतर, असं सांगून गेले होते. मी पायरीवर बसले. 'बाई, मी तुमच्या बाजूनं बोलायला गेले होते.' 'माहीत आहे मला,' त्या म्हणाल्या. 'म्हणूनच मी चोपड्यांना सांगितलं होतं, हिला उभी करू नका.' 'मी खोटं बोलेन असं वाटलं तुम्हाला?' 'खरं बोलशील असं वाटलं.' दाणे त्यांच्या मांडीवरच्या ताटलीत पडत राहिले. मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावरही ते विचारल्याशिवाय राहवेना. 'म्हणजे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?'

'मग काय न कळता शाळा चालवली मी?' बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. 'त्या वर्षी पोरं फार बिघडली होती. प्रार्थनेत दंगा. कुणाला तरी ठेवणारच होते मी रांगांवर. आमच्यातलं पोर ठेवलं असतं तर बाकीचे आईबाप बोलले असते, ख्रिस्ती पोर आमच्या पोरांवर पहारा करतं म्हणून. त्यांच्यातलं ठेवलं असतं तर त्यानं आपल्या जातभाईंना सोडून दिलं असतं. किती दिवस मला सुचत नव्हतं. आणि या दोन्हींत नसलेल्या तुला घेऊन तुझे वडील येऊन उभे राहिले.' त्या थांबल्या आणि किंचित हसल्या. इतक्या वर्षांनीही तो दिवस आठवून त्यांना बरं वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. 'त्यांचा मान राहिला, माझं काम झालं. मला तर वाटलं, देवानंच पाठवली.'

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला डोळ्यांपुढं दिसले ते वडील, खाकी कपड्यांत, हात जोडून उभे. हे त्यांना मरेपर्यंत कळता कामा नये, एवढं एकच मनात आलं. तरी मी विचारलंच, 'आणि ताप आला की उशाशी बसायचात, ते?' बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. 'ते वेगळं,' त्या म्हणाल्या. मग ताटलीकडे बघून पुन्हा म्हणाल्या, 'वेगळंच असणार.' म्हाताऱ्या माणसाला जिन्यावर पायरी सापडत नाही तेव्हा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. पुढच्या रस्त्यावर गाड्या थांबल्याचा आवाज आला, दारं लागली, पुष्कळ माणसं एकदम बोलू लागली. कुणीतरी क्वार्टर कुठलं ते विचारत होतं, आणि कुणीतरी मोठ्यानं सांगत होतं.

'ऊठ, जा आता,' बाई म्हणाल्या. त्यांनी ताटली बाजूला ठेवली आणि पदर सारखा केला, पाहुणे येणार असल्यागत. 'मागच्या फाटकानं जा. तुला इथं बसलेली कुणी बघायला नको. नोकरी नवी आहे तुझी.' मी कुठं जात नाही, मी इथंच तुमच्या शेजारी बसते, येऊ देत कोण यायचेत ते, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, शब्दन् शब्द आला होता. 'बरं, बाई,' मी म्हणाले, आणि मागच्या फाटकाची कडी आवाज होणार नाही अशी काढली.